जेलाचं शिक्षण

बारावीनंतर काय, हा प्रश्न आमच्या मेडशीत मुलीला विचारत नाहीत. तिच्यादेखत एकमेकांना विचारतात. काकांनी माझं नर्सिंग ठरवलं, मामांनी डी.एड. मी मध्येच म्हणाले, मला तुरुंगात नोकरी करायची आहे. ओट्यावर चहाला बसलेल्या सगळ्यांनी कप खाली ठेवले.

ठेवणारच. माझा थोरला भाऊ तेव्हा तुरुंगात होता. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, भांडण झालं, त्याची काठी एकाला लागली आणि तो माणूस गेला. तेव्हापासून घरात दादाचं नाव कोणी काढत नसे. पाहुण्यांनी विचारलं तर बाबा म्हणत, "बाहेरगावी हाय." आमच्याकडची कितीतरी माणसं कामाला बाहेरगावीच असतात, त्यामुळे ते खपून जाई. झाकली मूठ सव्वा लाखाची. गावाला सगळं ठाऊक होतं, पण गावही ती मूठ उघडायला लावत नसे.

बारावीत असताना एकदा आईबरोबर मी त्याला भेटायला गेले. मध्ये जाळी होती. मी विचारलं, "करमते का रे इथं?"

तो म्हणाला, "इथं आमाले मोजतात लय. बोलत कोणी नाही."

परतीच्या एसटीत आई खिडकीकडे तोंड करून बसली. मी ठरवून टाकलं, मोजायचं काम कोणीही करो, बोलायचं काम मी करणार.

वाशीमच्या कॉलेजात चौकशीला एकटीच गेले. तिथल्या मॅडमनी नीट समजावलं. तुरुंगात शिपाई व्हायचं तर भरतीची तयारी कर. वकील झालीस तर कैदी कोर्टातच भेटतील. आत बसून त्यांच्याशी बोलायचं असेल तर समाजकार्याला ये, पुढे एम.एस.डब्ल्यू.ला कैद्यांच्या सुधारणेचा विषय घेता येतो.

"पण पोरी, हेच काहून?" त्यांनी विचारलं.

"आवड आहे," मी म्हणाले. खरं सांगायला जीभ उचलेना. शेवटी मी बाबांचीच मुलगी.

घरी सांगितलं तेव्हा बाबा जेवत होते. हातातला घास ताटात ठेवून म्हणाले, "जेलात जायाले कॉलेज कायले लागते? तुह्या भावाले कुठी लागलं?"

आई रडायला लागली. मला राग यायला हवा होता, पण खरं सांगते, बरं वाटलं. किती दिवसांनी त्यांच्या तोंडून दादाचा विषय निघाला होता.

त्यांनी अडवलं मात्र नाही. हॉस्टेलला निघाले त्या सकाळी माझी बॅग खांद्यावर घेऊन ते स्टँडवर आले. तिथे जऊळक्याचे एक ओळखीचे गृहस्थ भेटले.

"पोट्टी कुठी चालली?"

मी बाबांकडे पाहिलं. निदान माझं तरी ते खरं सांगतील, असं मला फार वाटत होतं.

"वाशीमले," बाबा म्हणाले. "नर्सिंग करून राह्यली."

"बेस केलं," गृहस्थ म्हणाले.

बस आली. बाबांनी बॅग वर ठेवली, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि खाली उतरले. बस भरलेली होती, तरी मला इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं. दादाची फार आठवण आली. बाबांना मुलं दोनच, आणि दोघांचंही खरं ते कोणालाच सांगू शकत नव्हते.