चौकटीवरची वेल सरकते तेव्हा

झरीतल्या आमच्या सुतारकामाच्या दुकानात मी नक्षी कोरणारी कॉम्प्युटरची मशीन आणली, तेव्हा अण्णा, म्हणजे माझे वडील, एवढंच म्हणाले, "बघ बाई." जन्मभर त्यांनी पटाशीनं नक्षी कोरली. आता हात थरथरतो.

बोरीच्या एका बाईंची दाराची चौकट करायला आली होती. नवऱ्यानं बांधावर लावलेला साग, नवरा गेल्यावर त्यांनी तो तोडला. तीन फळ्या कोरून झाल्या होत्या. चौथी बिघडली तर दुसरं लाकूड नाही, आणि परवा चौकटीची पूजा!

म्हणून आधी भंगार प्लायवर वेल कोरून बघितली. जिथून निघाली तिथंच परत यायला हवी, तर तीन मिलिमीटर बाजूला. मशीनची मोटर बारीक पावलं, म्हणजे ठरावीक टप्पे, मोजून फिरते. पावलं चुकली की नक्षी गेली.

"अण्णा, तुमी हात लावला का मशीनला?" मी खेकसले.

"न्हाई गं."

"मग लांबच राहा!"

वेग कमी केला. तेच. करंट वाढवला, तर मोटर लय तापली आणि वेल तशीच. जळलं मेलं! आडव्या-उभ्या दोन मोटरींच्या वायरींची अदलाबदल केली, तरी चूक त्याच बाजूला. म्हणजे दोष वायरीत नव्हता. मग मीही हट्टाला पेटले. सापडल्याशिवाय जेवायचं नाही.

मोटरीचा दांडा पुढच्या लांब स्क्रूला कपलिंगनं, म्हणजे जोडनळीनं, जोडलेला असतो. दांडा आणि कपलिंग, दोन्हींवरून मार्करनं एक सरळ रेघ ओढली आणि मशीन चालवली. रेघेचे दोन तुकडे झाले! मोटर बिचारी बरोबर फिरत होती, दांडा कपलिंगमध्ये घसरत होता.

खोललं. आत तेल, आणि तेलात कुंकू. खंडेनवमीला पटाशीला लावतात तसं मशीनलाही लावलेलं, चांगलं बोट भरून. लावणारी मीच. लाजेनं मेल्यासारखं झालं.

"अण्णा, तेल मीच लावलं हुतं."

"बघितलं की मी. घसरंल, वाटलंच हुतं."

"मग बोलला का न्हाईत?"

"जवळ कुठं येऊ दिलंस तू?"

थिनरनं दांडा पुसला, कपलिंगचे स्क्रू आवळले, प्लायवर दहादा वेल कोरली. दहादा जागेवर आली. मग साग चढवला, पण बटण दाबायचा धीर होईना.

"अण्णा, या इकडं. तुमी बघितल्याबिगर मी लावत न्हाई."

त्यांनी थरथरता हात फळीवरून फिरवला, एक गाठ दाखवली, ती टाळायला फळी बोटभर सरकवली. म्हणाले, "लाव."

वेल निघाली तिथंच येऊन भिडली. अण्णांनी वेलीवरचा भुसा फुंकला. रडले ती मीच.