पुढच्या खेपेचा उखाणा

आधीच सांगतो, भुताखेताची गोष्ट आली की पान उलटणारा मी माणूस. पेणला रामवाडीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे आणि या धंद्यात एक गोष्ट पक्की शिकलोय – बिघाडाला कारण असतंच. वायर सैल असते, नाहीतर ड्रायव्हर चुकीचा असतो, नाहीतर गिऱ्हाईक खोटं बोलत असतं. "काहीच केलं नाही हो, आपोआप बंद पडला" म्हणणाऱ्याच्या कीबोर्डातून मी वाटीभर चहा काढलाय. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच कसंतरी वाटतंय... पण डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितो.

माझी आत्या रोह्याला, कुंडलिकेचा पूल ओलांडून अष्टमीत राहते. तिचे यजमान, आमचे नाना, गेल्या वर्षी घशाच्या दुखण्याने गेले. शेवटी शेवटी त्यांचा आवाजच गेला होता. आणि आत्याला काचबिंदूमुळे दिसत नाही. म्हणजे बघा, एकाला बोलता येईना आणि दुसरीला लिहिलेलं वाचता येईना. हाताला हात लावून काय कळेल तेवढंच. मी जायचो तेव्हा दोघं पडवीत तशीच बसलेली असायची. फार वाईट वाटायचं.

नाना गेल्यावर आत्याने माझ्याकडे एकच मागणं केलं.

"सुरेखाच्या लग्नाची कॅसेट हाय बघ. घरात व्हीसीआर नव्हता, कधी लावलीच नाय. तिच्यात ह्यांनी माझं नाव घेतलंय. उभ्या जन्मात एकदाच. मला चित्र नको, माझ्या काय कामाचं? आवाज तेवढा मोबाईलात घालून दे."

सुरेखा ही तिची मुलगी. नानांनी आत्याला आयुष्यभर 'गो' म्हणूनच हाक मारली. "गो, चाय टाक." "गो, शिफ्टला निघालो." लेकीच्या लग्नात बायकांनी घेरलं, तेव्हा कुठे गडी उखाणा घ्यायला तयार झाला होता.

मी म्हटलं, हा तर हातचा मळ! माझ्याकडे त्यासाठीच घेतलेला एक जुना कॅप्चर बॉक्स आहे – एका बाजूने व्हीसीआर लावायचा, दुसऱ्या बाजूने कॉम्प्युटर. पण नेमकं त्याच आठवड्यात मी दुकानातल्या मशीनवर नवीन ऑपरेटिंग सिस्टीम टाकली होती. सगळं चकाचक झालं, आणि बॉक्सने मान टाकली. ड्रायव्हर म्हणजे यंत्र आणि कॉम्प्युटर यांच्यामधला दुभाषा. नवीन सिस्टीम म्हणे, या दुभाष्याला मी ओळखत नाही. बॉक्सच्या नावापुढे पिवळा त्रिकोण, त्यात उद्गारचिन्ह. जुनी सीडी घातली, जुन्या सिस्टीमचं सोंग घेणारा कंपॅटिबिलिटी मोड लावला, ड्रायव्हरच्या डिजिटल सहीची तपासणी बंद केली, कुठल्या कुठल्या साईटवरून ड्रायव्हर उतरवले... त्रिकोण आपला ढिम्म. बनवणारी कंपनी कधीच बंद पडलेली, विचारणार कुणाला?

रोज आत्याचा फोन. "झाला काय रे?" आणि मी रोज "उद्या" म्हणायचो.

त्या दिवशी दुपारी दुकानात मी एकटाच होतो. कॅसेट व्हीसीआरमध्ये फिरत होती, आणि बॉक्स दुसऱ्या पोर्टला लावून बघावा म्हणून मी त्याची यूएसबी पिन नुकतीच उपटली होती. पिन माझ्या हातात, हे नीट लक्षात घ्या. व्हीसीआरचा कॉम्प्युटरशी दुसरा काही संबंध नव्हता.

आणि कॉम्प्युटरच्या स्पीकरमधून गलका आला. मांडवातला. बायका ओरडताहेत, "नाव घ्या, नाव घ्या!" मग कुणीतरी घसा खाकरला.

नाना! ते खाकरणं मी लाखात ओळखेन. फोन तर हातातच आला होता, रेकॉर्डिंग चालू करायला किती वेळ लागतो? पण मला ते सुचलंच नाही. मी आत्याला फोन लावला. म्हटलं, ऐकू दे तिला, आत्ता ऐकू दे. तिकडे रिंग जात होती, ती चाचपडत फोनपाशी येत असणार, आणि इकडे नाना बोलायला लागले... सावकाश, खणखणीत –

"कुंडलिकेच्या पुलावर वारा सुटतो गार,
यमुनेच्या जिवावर चालला माझा संसार."

"हॅलो... कोण हाय?" आत्याने फोन उचलला आणि स्पीकर गप्प झाला.

"आत्या, ऐकलंस? नाना होते!"

"काय ऐकलं? मला तर तूच ऐकू येतोस. लाव की परत."

परत काय लावणार? कॅसेट मागे घेतली, पिन घातली, काढली, मशीन बंद करून चालू केलं. काही नाही. शेवटी ती म्हणाली, "बरं, काय म्हणाले ते तरी सांग." मी म्हणून दाखवलं.

"यमुना म्हणाले? नीट ऐकलंस तू?"

"व्हय आत्या."

"मांडवात तर शालिनी म्हणाले होते रे. माझ्या लग्नात सासरी तांदळात लिहून ठेवलेलं ते नाव. मी रुसले तेव्हा. म्हटलं, एवढ्या वर्षांनी नाव घेतलंत, तर माझ्या आईबापाने ठेवलेलं घ्यायचं होतंत. तर हसले आणि म्हणाले, पुढच्या खेपेला घेईन गो..." तिचा आवाज बारीक झाला. "मग कसली पुढची खेप? राहूनच गेलं."

माझे वडील तिला यमूच म्हणायचे. म्हणजे आत्याचं माहेरचं नाव मला माहीत होतं, हे कबूल. कुणी म्हणेल, डोक्यात होतं ते कानात ऐकू आलं. पण तिच्या रुसण्याची गोष्ट मला त्या दिवसापर्यंत कुणीही सांगितलेली नव्हती. आणि तो उखाणा तर मी आधी ऐकलेलाच नव्हता, सुरेखाच्या लग्नाच्या वेळी माझी परीक्षा होती, मी गेलोच नव्हतो.

पुढे मी भंगारातून एक जुनं मशीन काढलं, त्याच्यावर जुनीच सिस्टीम टाकली. बॉक्स पहिल्या झटक्यात चालू! पूर्ण कॅसेट उतरवली. उखाण्याची जागा आली... नानांचे ओठ हलताहेत, बायका हसताहेत, आणि वर आवाज सिनेमातल्या गाण्याचा. त्या काळी व्हिडिओवाले हौसेने अख्ख्या लग्नावर गाणी चढवायचे ना, तसंच. नानांचा आवाज त्या कॅसेटमध्ये नव्हताच. खाकरणंही नाही.

मी ते गाणं तसंच मोबाईलमध्ये घालून अष्टमीला घेऊन गेलो. आत्याने थोडं ऐकलं. "मेल्याने गाणं घातलंय व्हय!" म्हणाली, हसली, आणि मग पदर डोळ्यांना लावून कितीतरी वेळ रडली. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. जिच्यासाठी ते होतं, तिच्या कानावर एक अक्षर पडलं नाही. पडलं कुणाच्या? तर माझ्या, ज्याचा असल्या गोष्टींवर विश्वासच नाही.

ती पिन, तो स्पीकर, सगळं उलटंपालटं करून पाहिलं. कारण सापडलं नाही. तुमच्यापैकी कुणाला सुचलं तर जरूर सांगा, मला खरंच हवंय.

आता मी रोह्याला गेलो की आत्या पडवीत बसवते आणि म्हणते, "म्हण." मी उखाणा म्हणतो. ती मधेच थांबवते – "असं घाईत नाय, हे सावकाश बोलायचे." मी पुन्हा सावकाश म्हणतो. यमुना आली की ती माझा हात धरते. आणि दर वेळी तेच विचारते.

"घसा कसा होता रे ह्यांचा? बसलेला होता काय?"

"नाय आत्या," मी सांगतो. "अगदी खणखणीत होता."