त्रिविक्रममामांपुढचे दोन मॉनिटर

आमचे त्रिविक्रममामा कशाला भ्यालेत ते नुसतं ऐकून सांगता यायचं. देवळातला हत्ती वळणावर दिसला की "अय्यो" आखूड. विजेचा दाब वरखाली झाला की "अय्य्यो" लांब, शेवटी श्वास आत ओढून. मी दोन्ही हुबेहूब काढायचो आणि घर हसून लोळायचं. त्यामुळे यंदा, म्हणजे सत्त्याण्णव सालच्या आश्विनात, मामांनी तिसऱ्या तऱ्हेचा काढला, बारीक, घशातल्या घशात, तेव्हा कुणी मान वर केली नाही.

मामांचं काम लग्नपत्रिकांचं. तरुणपणी छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवले, मग देवळामागच्या गल्लीत घराच्याच पुढच्या खोलीत स्वतःचं दुकान टाकलं, त्यात एक संगणक. आमच्या तंजावरकडची, साक्कोट्टैपासून नाचियार्कोविलपर्यंतच्या गावांतली लग्नं मामांच्या बोटांखालून गेली. वराचं गोत्र चुकलं म्हणून पत्रिका परत आली, असं कधी झालं नाही.

त्या दिवशी संगणकावर पत्रिकेची चौकट आखता आखता मामा थांबले.

"कामाक्षी, हा मॉनिटरचा डबा गेला. रेघ वाकडी दाखवतो."

मामीनं पदराला हात पुसत पाहिलं. "सरळ आहे की हो."

"तुला काय कळतें? कामाचा डोळा लागतो त्याला."

कामाचा डोळा म्हणजे उजवा. डावा दोन वर्षांपासून धुरकट. मामांच्या आईची दृष्टी पन्नाशीत पार गेली होती, आणि मामांना पन्नासावं लागलं होतं. घरात सगळ्यांना ठाऊक, बोलायचं कुणी नाही.

जुना डबा गेला म्हटल्यावर तिरुचीहून संगणक विकणारा जानकीराम आला, मोटारीत दोन मॉनिटर घेऊन. हा माणूस श्वास घेतो तोही "सार" म्हणून, म्हणजे आपलं सर.

"हा काळा-पांढरा, सार. अक्षर कोरल्यासारखं, सार. जरा हलणार नाही. आणि हा रंगीत, सार. थोडा लुकलुकतो, खोटं कशाला बोलू? पण संध्याकाळी कॉलेजची पोरं मोटारींची शर्यत खेळायला दारात रांग लावतील, सार! दोन्ही ठेवून जातो. उद्या एक परत नेतो, सार."

मामीचं ठरलेलंच होतं. "रंगीत. दिवसा पत्रिका, संध्याकाळी पोरं. पोरांना मी सांभाळतें."

"आणि लुकलुकतो तें? डोळ्याला..." मामांनी वाक्य तिथंच सोडलं.

"मग दोन्ही लावून पाहा की! पाहायला काय भय?"

"नको, नको. उगीच कशाला."

माणूस दोन नवे डबे घरी आणून एकही लावून पाहात नाही, हे मला नवलाचं वाटलं. मामा त्यांच्याभोवती लांबून फिरत होते, खोक्यात हत्ती बसला असावा तसे. शेवटी म्हणाले, "विठ्ठलाला विचारूं."

आमच्याकडे अडलं की देवापुढे फूल घालतात. एका पुडीत पांढरं, म्हणजे शुभ, एकीत तांबडं, म्हणजे अशुभ, दोन्ही पुड्या सारख्या. प्रश्न मोठ्यानं विचारायचा आणि लहान मुलाकडून एक उचलून घ्यायची. मामीनं तगर आणि तांबडी कण्हेर बांधली. या खेपेला तगर म्हणजे काळा-पांढरा, कण्हेर म्हणजे रंगीत. शेजारची चार वर्षांची सुब्बलक्ष्मी नाक पुसून तयार उभी राहिली.

मामांनी हात जोडले. ओठ बराच वेळ नुसते हलले. मग घाईघाईनं म्हणाले, "पांडुरंगा, कामाला कोणता बरा?"

तगर निघाली. मामांनी इतका मोठा श्वास सोडला की समईची वात हलली.

मग मात्र त्यांनी धीर केला. काळा-पांढरा लावला, पत्रिका उघडली, पुढे वाकले. आणि तोच बारीक "अय्यो".

"काय झालें?" मामी.

"चौकट वाकडी."

"मग रंगीत लावा."

रंगीत लावला. मामा पाहात राहिले, मान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. मामीचा चेहरा उतरत गेला. ती त्यांच्या मागं गेली, आपल्या तळव्यानं त्यांचा डावा डोळा झाकला.

"वधूचं नाव वाचा."

"महा..." मामांनी मान तिरपी केली. "महा... मी."

"मधें काय आहे?"

"मधें डाग आहे, कामाक्षी. पाण्यात शाई पडल्यासारखा. मी पाहीन तिथें येतो."

"कधीपासून?"

"गोकुळाष्टमीच्या आधीपासून."

मामीचा हात त्यांच्या डोळ्यावरच राहिला. "आणि देवाला विचारलेंत काय, तर कोणता डबा बरा! डोळ्याचें विचारायचें सोडून?"

"तें विचारलें असतें," मामा म्हणाले, "आणि तांबडें आलें असतें, तर?"

सुब्बलक्ष्मी दुसरी पुडी सोडून कण्हेर केसात खोवत बसली.

सकाळी जानकीराम हजर. "कोणता ठेवू, सार?"

मामी म्हणाली, "रंगीत. पत्रिकेचीं अक्षरें आतां मी जुळवीन. हे शेजारी बसून सांगतील."

"देवानें तगर दिली आहे," मामा पुटपुटले.

"तुमच्या कामाला दिली. आतां बसणार मी. उठा, दहाची बस आहे."

मदुरैला डोळ्यांचं मोठं इस्पितळ आहे. पिशव्या धरायला मला बरोबर नेलं. मामा खिडकीशी बसले, डावा डोळा हातानं झाकून, आणि तंजावर सोडल्यापासून दुकानांच्या पाट्या वाचत सुटले.

"कॉफी क्लब. बरोबर?"

"होय."

"तें सायकलचें दुकान."

"होय की."

"ही भांड्यांची पाटी."

पाटी सिमेंटच्या दुकानाची होती. चांगली हातभर अक्षरं. मामीनं माझ्याकडे पाहिलं. "होय," ती म्हणाली, "भांड्यांचीच."

मामांनी डोळ्यावरचा हात काढला, मांडीवर ठेवला. पुढच्या पाट्यांकडे पाहिलंच नाही.

"कामाक्षी, मदुरै अजून किती लांब?"

"लांब आहे हो."

"बरें झालें," मामा म्हणाले.