गाऱ्हाण्याला पडद्यावरून आलेला होकार

भूतखेत, देवचार, भानामती... असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. वेंगुर्ल्यात काजूचा कारखाना मी शून्यातून उभा केला, तो समोरचा फसवतोय असं धरून चालल्यामुळेच. म्हणून हे लिहिताना माझाच मला राग येतोय.

गेल्या वर्षी माझा थोरला भाऊ, दादा, लेप्टोच्या तापाने कुडाळच्या एका खासगी हॉस्पिटलात होता. आमचं सात वर्षं बोलणं बंद — दोन घरांमधला गडगा, म्हणजे दगडी कुंपण, कोणी सरकवलं, यावरून. तापाच्या ग्लानीत दादा अंगावरच्या वायरी उपटायचा, म्हणून खाटेच्या पायथ्याशी उष्णता टिपणारा कॅमेरा लावलेला. श्वास सोडला की शेजारच्या मॉनिटरच्या पडद्यावर नाकाखाली लाल, घेतला की निळं.

"रेकॉर्डिंग दाखवताय काय?" मी सिस्टरवर खेकसलो.

"मध्ये हात धरून बघा."

धरला. पडद्यावर माझीच पाच बोटं नारिंगी उमटली.

"भावजी, झगडा मगे करा. आधी गाऱ्हाणा घाला," वैनी म्हणाली.

आमच्याकडे एकाने गाऱ्हाणं, म्हणजे देवाला साकडं घालायचं, बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. आयसीयूत आवाज नको, म्हणून वैनी गप्प राहणार होती. दुपारचे चार वाजलेले. मी हळू आवाजात सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा, ह्यो तुजो लेकरू खाटेर पडलो, तेका उभो कर रे म्हाराजा!"

थांबलो... पडद्यावर लाल.

"तेच्या पोराबाळांका सुखी ठेव रे म्हाराजा!"

लाल. वैनीने माझा दंड घट्ट धरला. पुढचं वाक्य मी मुद्दाम लांबवलं. ते संपेपर्यंत लाल आलं नाही. संपलं, आणि आलं.

मग मी माझा जुना आरोप पुढे केला. "ह्येना गडगो सरकवलो, ती चूक पोटात घाल रे म्हाराजा!"

काही नाही. पडदा तसाच निळा. मशीन केकाटायला लागलं, सिस्टर धावत आली.

"भावजी, कायतरी करा!"

मी वाकून थेट दादाच्या कानात ओरडलो, "गडगो मियाच सरकवलो! चूक माजी!"

नाकापासून हनुवटीपर्यंत लाल पसरलं.

डॉक्टर मॅडम म्हणाल्या, अशा आजारात श्वास मध्येच अडतो आणि आपोआप सुरूही होतो. मान्य. पण नेमका तिथेच?

दादा बरा होऊन घरी आल्यावर मी सरळ विचारलं, "तुका आयकाक येय होता काय, दादा?"

"कित्याचा?" म्हणाला, आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते. खोकला होता की हसू... ते मला अजून कळलेलं नाही.