तारीबाईंच्या डब्यातली फ्लॉपी

तारीबाई गेल्याची बातमी मला मोबाईलवर आली. त्यांच्या मुलीने, वृषालीने, मेसेज पाठवला होता. मी तो चारदा वाचला आणि पहिला विचार मनात आला तो हा, की कुणीतरी चावटपणा केला असणार. माझा स्वभावच तसा. मी उलट फोन लावला, वृषालीने उचलला, तिच्या मागे बायकांचं रडणं ऐकू येत होतं, तरी मी विचारलं, "नक्की?" असं कुणी विचारतं का... पण मी विचारलं. आणि मेसेज उघडून वाचायला मला शिकवलं होतं ते बाईंनीच. आज सहा आठवडे झाले. आमच्या शाळेतून बाहेर पडलेली पुष्कळ मुलं ही पुरवणी वाचतात, त्यांना बाई गणिताच्या म्हणून ठाऊक आहेत. मला मात्र त्यांच्याबद्दल दुसरंच काही सांगायचं आहे, आणि ते माझ्या अब्रूला धरून नाही.

मालवणच्या अलीकडे, किनाऱ्याला लागून असलेल्या आमच्या हायस्कुलात आम्ही एकाच वर्षी लागलो. मी इतिहासाचा, त्या गणिताच्या. मी त्यांच्यापेक्षा चार दिवसांनी सेवाज्येष्ठ. हे चार दिवस मी आयुष्यभर जपले. सेवाज्येष्ठता यादी माझ्या टेबलाच्या काचेखाली असायची आणि मुख्याध्यापकांच्या खुर्चीवर पुढे मीच बसणार हे मला त्या कागदाने सांगितलं होतं. बाई मासेमारी करणाऱ्या घरातल्या, वडिलांची रापण होती, म्हणजे किनाऱ्यावरून साऱ्यांनी मिळून दोराने ओढायचं मोठं जाळं. त्या सगळ्यांशी मालवणीतच बोलायच्या. मीही बोलतो, पण मला कुणाचा संशय आला की मी आपोआप पुस्तकी मराठीत शिरतो. बाईंशी मी बरीच वर्षं पुस्तकी मराठीतच बोललो.

नव्व्याण्णवच्या सुमारास गावच्या मुंबईकर मंडळाने शाळेला कॉम्प्युटर दिला. आम्ही त्याला हार घातला, नारळ वाढवला, वर भरतकामाचं आच्छादन टाकलं आणि वहाणा बाहेर काढून दुरून बघू लागलो. हात लावला तो एकट्या बाईंनी. त्या दर रविवारी एसटीने कुडाळला जाऊन क्लास करू लागल्या. माझ्या मनात पाल चुकचुकली. पदरचा रविवार घालवून कोण कशाला शिकेल? हिला खुर्ची हवी आहे, दुसरं काय! आणि मग त्यांनी चक्क मलाच शिकवायला घेतलं. "सर, तुमका उद्या मुख्याध्यापक व्हायचा आसा मां? मगे ह्या मशीनाक घाबरान चलाचा नाय," म्हणाल्या. रोज शाळा भरायच्या आधी अर्धा तास. मी एका बोटाने अक्षरं शोधायचो आणि मनात म्हणायचो, हिचा यात काय डाव असेल?

डाव लवकरच दिसला, म्हणजे मला तसं वाटलं. बाईंनी आसपासच्या चार शाळांच्या शिक्षकांना गाठलं. घटक चाचण्यांचे प्रश्न प्रत्येकाने सगळे काढायचे कशाला, एकेकाने एकेक विषय घ्यावा, फ्लॉपीवर घालून पाचही शाळांत फिरवावा. खाऱ्या हवेने खराब होऊ नयेत म्हणून त्या फ्लॉप्या प्लास्टिकच्या डब्यात घालून न्यायच्या. डब्यात कापडाची घडी आणि थोडे तांदूळ. मी म्हटलं, "बाई, आपले प्रश्न दुसऱ्या शाळांना का द्यावेत?" त्या हसल्या. "रापणीच्या दोराक जो हात लावता, तेका वाटो गावता. मासो कोणाचो, ता कोण इचारता?" मला ते पटलं नाही. उलट त्या चार शाळांचे मुख्याध्यापक बाईंचं नाव घ्यायला लागले, ते माझ्या कानावर यायला लागलं आणि माझी झोप उडाली.

एका शनिवारी शाळा सुटल्यावर मी एकटाच मागे राहिलो. बाईंनी शिकवलेल्या त्याच मशीनवर, त्यांनीच शिकवलेल्या बोटांनी, संस्थेच्या अध्यक्षांना पत्र टाईप केलं. शाळेच्या प्रश्नपत्रिका फ्लॉपीवरून बाहेर फुटत आहेत, लक्ष घालावे. चौदा ओळींना अडीच तास लागले. खाली लिहिलं, 'एक हितचिंतक'. प्रिंटर करकर वाजायला लागला तेव्हा मी उठून खिडक्या लावल्या. मग पत्र मशीनमधून पुसलं आणि गावात टपाल टाकलं तर कुणीतरी बघेल म्हणून मालवणला जाऊन टाकलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या मदतीशिवाय मी कॉम्प्युटरवर एक काम पुरं केलं होतं, आणि खोटं कशाला बोलू, एसटीत बसल्यावर मला त्याचा थोडा अभिमानसुद्धा वाटला.

सोमवारी सकाळी बाई नेहमीसारख्या आल्या. खुर्ची ओढून म्हणाल्या, "आज पुसूक शिकवतंय. सर, पुसलेला लगेच जायत नाय हां. आधी ह्या टोपलीत पडता. टोपली रिकामी करूक व्हयी, तेवा जाता." त्यांनी टोपली उघडून दाखवली. ती रिकामी होती. शनिवारी पुसलेलं माझं पत्र तिच्यात असायला हवं होतं. "असं होय," मी शुद्ध मराठीत म्हणालो. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते चांदणं मी पुढे दहा वर्षं बघितलं. हिने वाचलं असेल का? की टोपली सहज रिकामी केली? वाचलं असेल तर ही बोलत का नाही?

पंधरा दिवसांत संस्थेचा आदेश आला. चौकशी होईपर्यंत खोलीला कुलूप, किल्ली सेवाज्येष्ठ शिक्षकाकडे. म्हणजे माझ्याकडे. पाच शाळांचं काम बंद पडलं. बाई एवढंच म्हणाल्या, "रोज अर्धो तास तरी चालू करा, सर. होडी पाण्यात असली काय बरी. किनाऱ्यार पडान रवली, काय सांधे उघडतत." मला वाटलं, ही किल्ली काढायला बघते आहे. मी नाही उघडली. सगळा पावसाळा मशीन आच्छादनाखाली बंद. चौकशीत काही निघालं नाही, कारण काही नव्हतंच. गणपतीच्या सुट्टीनंतर दार उघडलं तेव्हा मशीनला आतून हिरवट गंज आला होता. कुडाळहून आलेल्या दुरुस्तीवाल्याने ते मोडीत काढायला सांगितलं.

पुढे मुख्याध्यापकाची जागा रिकामी झाली तेव्हा कमिटीतले दोघेतिघे बाईंच्या बाजूचे होते. बाईंनी लेखी दिलं, मला नको. "का?" म्हणून मी विचारायला गेलो तर वर्गातून खडूचे हात झटकत बाहेर आल्या. "तुमी व्हा. माझा एकच म्हणणा आसा, त्या खोलीक कुलूप घालू नकात." त्यात माझ्यावर टोमणा आहे की काय, हे मी कितीतरी दिवस घोकत बसलो. पुढे मंडळाने दुसरं मशीन दिलं. बाईंनी पुन्हा अर्धा तास सुरू केला. ईमेल, वेळापत्रक, पाच शाळांच्या सामाईक चाचण्या, सगळं माझ्या हातून करून घेतलं. सभांत कौतुक झालं ते माझं. मी ते घेतलं, आणि बाईंचं नाव काढलं नाही.

बाराव्यानंतर वृषाली शाळेत आली. हातात तो प्लास्टिकचा डबा. "आयेन सांगलेला, ही सरांची, तेंकाच दी." तांदूळ पिवळे पडले होते. कापडाच्या घडीत एकच फ्लॉपी, आणि तिच्यावर बाईंचं ते गोल अक्षर: 'परब सर. पहिलं पत्र. एकट्याने टाईप केलेलं.'

मी ती मशीनमध्ये घालून बघितली नाही. गरजच नव्हती. त्या शनिवारनंतर बाईंशिवाय मी एकही पत्र टाईप केलेलं नाही, त्यामुळे आत कुठलं आहे हे मला सांगावं लागत नाही. म्हणजे त्यांना सोमवारीच ठाऊक होतं. तरी त्या खुर्ची ओढून बसल्या. कमिटीपुढे हे पत्र ठेवलं असतं तर खुर्ची त्यांचीच होती. ते न करता त्यांनी ते तांदळात ठेवलं... मला फार लाज वाटली, बाई. हे तुम्हाला समोर सांगायला दहा वर्षं हातात होती.

त्या खोलीला कुलूप नाही. आता अर्ध्या तासाला बाई नाहीत, तरी मी वेळेवर जातो आणि काही काम नसलं तरी मशीन चालू करून बसतो. हा लेख तिथेच बसून टाईप केला, एकट्याने. हे माझं दुसरं पत्र. हे मी पुसलेलं नाही, आणि या वेळी खाली नाव घातलं आहे.

— परब सर