पहिल्या नंबरची पायरी

बासष्टाव्या वर्षी मला ऑलिंपिकमध्ये पहिली आल्याचा व्हिडिओ हवा होता. आज बहात्तराव्या वर्षी तेव्हाच्या त्या बाईचा कान धरावासा वाटतो.

अमेरिकेत युटामधल्या जुन्या ऑलिंपिक पार्कात पर्यटकांसाठी विजेत्यांच्या तीन पायऱ्या मांडल्या होत्या. मागचा स्कीचा उतार ढगाळ उजेडात ओस पडला होता. कोणी पायऱ्यांवरून उतरलं की एक म्हातारा गोरा कामगार फडक्याने त्या पुसायचा. बूट घालून अशा जागी कसं चढायचं, म्हणून मी नुसत्या मोज्यांवर सगळ्यात उंच पायरीवर चढले. लेकीने फोन धरला, तशी मी माझ्या मोडक्या इंग्रजीत त्याला फर्मावलं, "टाळ्या वाजवा की जरा. मी जिंकलेय."

त्याने फडकं खांद्यावर टाकून टाळ्या वाजवल्या. नजर मात्र माझ्या पावलांवर होती. माझा मोजा घसरला, तशा टाळ्या थांबल्या. काखेत हात घालून त्याने मला अलगद खाली उतरवलं.

"सराव दिसतोय तुम्हाला," मी हसत म्हणाले.

माझे बूट पुढे सरकवत तो म्हणाला, "माझी मुलगी याच उतारावर पडली. आता ती घरात नुसती उभी राहिली, तरी आम्ही टाळ्या वाजवतो."