जवसाच्या फुलाचा रंग

रंगकाका पहिल्या दिवशी रंगाचा डबा उघडतच नसत. घर रंगवायला बोलावलं की सकाळी सायकलवरून येत, शिडी भिंतीला टेकवत आणि प्रत्येक खोलीत नुसते बसून राहत. दोनदा चहा घेत. घरमालक वैतागला तर म्हणत, "भिंती नाई पाहून राह्यलो, माणसं पाहून राह्यलो. रंग त्यायलेच लागते."

सेलूत लहानथोर सगळे त्यांना रंगकाकाच म्हणत. लालभडक स्वयंपाकघरात दोन जावांचं पटत नाही, हे त्यांचं ठाम मत. लोक हसत, पण ऐकत. बाजारातल्या एका कापड दुकानाला गडद चॉकलेटी ऑइलपेंट होता. गिऱ्हाईक आत शिरलं की दोन मिनिटांत बाहेर. काकांनी तिथे दुधाच्या सायीसारखा रंग दिला. महिनाभरानं दुकानदार तक्रार घेऊन हजर. "काका, लोकं आता येऊन बसते, गप्पा मारते, उठतच नाई!"

"बसवणं माझं काम होतं बाप्पा," काका म्हणाले, "विकणं तुझं."

आमच्या घरी ते आले दादाच्या लग्नाआधी, नव्वदीच्या दशकात. मी तेव्हा कॉलेजात होते. आईचं पोटाचं ऑपरेशन होऊन तीन महिने झाले होते. जखम भरली होती. वर्ध्याचे डॉक्टर म्हणत, आता यांनी चालायलाच हवं. पण आई समोरच्या खोलीतल्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून असायची. लग्नाच्या साड्या दाखवल्या तरी "तुमीच पाहा" म्हणायची. ती भिंत जुन्या हिरव्या रंगाची, काळवंडलेली. बाबांनी आशा सोडल्यातच जमा होती. मुलाच्या लग्नात आई मांडवात तरी येईल की नाही, एवढाच त्यांना घोर.

काका त्या खोलीत सगळ्यात जास्त वेळ बसले. मग विचारलं, "वहिनी, माहेरी खिडकीतून काय दिसे?"

आईनं भिंतीकडचं तोंड त्यांच्याकडे वळवलं. मग म्हणाली, "जवस. आष्टीकडं आमचं वावर होतं. फुलावर आलं की सारं निळं निळं."

दुसऱ्या दिवशी काकांनी भिंतीवर हातभर निळा पट्टा ओढला. आईनं पडल्या पडल्याच मान हलवली. "हा तर शाईसारखा दिसते." तिसऱ्या दिवशी नवा पट्टा. आई कोपरावर रेटा देऊन उठली, भिंतीला धरून पट्ट्यापर्यंत गेली, खूप वेळ पाहत राहिली. "नाई. हा दुपारचा झाला. जवस सकाळी फुलते, दुपारी पाकळ्या गळून जाते. मले सकाळचा पायजे."

मग हे रोजचंच झालं. काका पट्टा ओढत, आई उठून नाकारे. नंतर ती अंगणात जाऊन उघड्या दारातून पट्टा लांबून पाहायला लागली. काका मुद्दाम म्हणत, "आणखी मांगून पाहा न वहिनी, फाटकापासून!" आई फाटकापर्यंत जाई. दोघांचं भांडण ऐकून शेजारच्या बाया जमत. सातव्या दिवशी आईनं हसून हो म्हटलं.

लग्नात ती दिवसभर उभी होती. वरातीपुढे जाऊन दोन गिरक्याही घेतल्या. बाबा डोळे पुसत हसत होते.

सायकलला शिडी बांधताना काकांनी मला हळूच सांगितलं, "पोरी, रंग तर तिसऱ्या दिवशीच जमला होता. मीच थोडा थोडा बिघडवत गेलो. वहिनी उठून राह्यली होती न! आईले नको सांगजो."

मी नाही सांगितलं. दोन हजार सालानंतर रंगांच्या दुकानांत यंत्रं आली, नंबर सांगितला की रंग तयार. काकांनी हसत हसत काम कमी केलं आणि एका हिवाळ्यात ते गेले. बातमी आली त्या दिवशी मात्र मला राहवलं नाही. आईला सगळं सांगून टाकलं.

आई हरभरा निवडत होती. तिचा हात थांबला.

"मले माहीत होतं," ती म्हणाली. "तो तिसऱ्या दिवशीचा रंग पाहूनच तर उठली मी. पण तेव्हाच हो म्हटलं असतं, तर दुसऱ्या दिवशी कायच्यासाठी उठली असती?"